जुन्या गाडीचा गिअरबॉक्स: जुळणारे भाग ओळखण्याची पद्धत

जुन्या गाडीचे पुनरुज्जीवन करताना इंजिनाच्या भागांपेक्षा गिअरबॉक्सच्या भागांत फसगत अधिक होते. पिस्टन चुकीचा असेल तर तो अनेकदा सिलिंडरमध्ये जातच नाही. चुकीचा गिअर मात्र शाफ्टवर बसतो, शेजारच्या गिअरशी दात मिळवल्यासारखा दिसतो, झाकण लागते, गाडी उभी राहते, आणि चूक लक्षात येते ती काही किलोमीटरनंतर येणाऱ्या घरघरीतून किंवा तेलात उतरलेल्या धातूच्या चुऱ्यातून. म्हणून विकणाऱ्याने सांगितलेले गिअरबॉक्सचे नाव, वर्ष किंवा "हाच त्या गाडीला लागतो" हे आश्वासन यांना दुय्यम स्थान द्यावे, आणि दाते, स्प्लाइन (शाफ्टवर लांबीच्या दिशेने कापलेल्या खाचा), व्यास व भोके स्वतः मोजून भाग ओळखावा. प्रत्येक भाग कोणत्या तरी दुसऱ्या भागाशी जोडी करून काम करतो. तेव्हा "हा भाग कोणता" यापेक्षा "हा भाग कोणाशी जुळतो" हा प्रश्न आधी विचारावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत आज जो गिअरबॉक्स आहे तो कारखान्यात बसवलेलाच असेल असे नाही. मधल्या काळात कोणी केसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, बदलले असेल, कोणी आतले गिअर बदलले असतील, कोणी दोन मोडक्या गिअरबॉक्सचा मिळून एक चालता गिअरबॉक्स केला असेल. १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या फोर्डच्या केसिंगमध्ये लिंकन झेफायरचे गिअर बसवण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रूढ होती. असा गिअरबॉक्स बाहेरून पूर्ण फोर्डचाच दिसतो. त्यामुळे हातातला जुना भाग नमुना म्हणून समोर ठेवण्याआधी तो नमुनाच योग्य आहे का, हे तपासावे लागते.

केसिंगवरचे आकडे वाचणे

केसिंग रॉकेलने किंवा डिग्रीझरने धुऊन तारेच्या मऊ ब्रशने साफ करावे. कठीण ब्रश किंवा सँडब्लास्टिंग या टप्प्यावर वापरू नये, कारण ठोकलेले आकडे उथळ असतात आणि एकदा पुसले गेले की पुन्हा मिळत नाहीत. तिरप्या प्रकाशात टॉर्च धरून छायाचित्रे घ्यावीत. जिथे अक्षर अंधुक असेल तिथे खडू चोळून जादा पूड पुसून टाकली की खोलगट भाग पांढरा राहतो आणि आकडा वाचता येतो.

केसिंगवर दोन प्रकारचे क्रमांक असतात आणि त्यांची गल्लत हीच सर्वाधिक चुकांची जननी आहे. पहिला ओतकामात उमटलेला, म्हणजे साच्यातूनच आलेला, उठावाचा क्रमांक. दुसरा जोडणी झाल्यावर पंचने ठोकलेला, खोलगट क्रमांक. ओतीव क्रमांक फक्त त्या ओतकामाचा आराखडा सांगतो. त्या ओतकामावर पुढे कोणते मशिनिंग झाले आणि आत कोणते गिअर बसले हे तो सांगत नाही.

जनरल मोटर्सचा मन्सी चार-स्पीड गिअरबॉक्स, जो १९६३ ते १९७४ या काळातील शेव्हर्ले आणि इतर गाड्यांत आला, हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या मुख्य केसिंगचा ओतीव क्रमांक १९६३ साली ३८३१७०४, १९६४-६५ मध्ये ३८५१३२५, १९६६-६७ मध्ये ३८८५०१०, १९६८ ते १९७० दरम्यान ३९२५६६० आणि त्यानंतर ३९२५६६१ असा होता. या क्रमांकावरून काळ कळतो. मात्र १९६६ नंतरच्या केसिंगमध्ये रुंद गुणोत्तराचा (एका गिअरपासून दुसऱ्यापर्यंत जास्त अंतर असलेला) एम-२०, जवळच्या गुणोत्तराचा एम-२१ आणि जड कामाचा एम-२२ यांपैकी कोणतेही गिअर असू शकतात, आणि ओतीव क्रमांक त्याबद्दल काहीच बोलत नाही. ठोकलेल्या क्रमांकात पहिले अक्षर पी म्हणजे मन्सी कारखाना, त्यानंतर तारीख असते; १९६७ च्या सुमारापासून तिच्यात वर्ष, अक्षराने दाखवलेला महिना व दिवस असतो. १९६९ च्या सुमारास त्याच्या शेवटी ए, बी किंवा सी हे अक्षर जोडले जाऊ लागले, ज्याचा अर्थ अनुक्रमे एम-२०, एम-२१ आणि एम-२२ असा आहे. त्यातही महिन्याची अक्षरे सरळ क्रमाने नाहीत: ए, बी, सी, डी, ई यांच्यानंतर जूनसाठी एच, जुलैसाठी के, ऑगस्टसाठी एम आणि पुढे पी, आर, एस, टी अशी ती जातात. ही अक्षरे सलग समजून वाचली की जून-जुलैची तारीख दोन ते चार महिन्यांनी चुकते.

फोर्डच्या क्रमांकांची रचना वेगळी आहे. पहिले अक्षर दशक सांगते: बी म्हणजे १९५० चे, सी म्हणजे १९६० चे, डी म्हणजे १९७० चे दशक. त्यापुढचा आकडा वर्षाचा, त्यापुढचे अक्षर गाडीच्या मालिकेचे आणि चौथे अभियांत्रिकी विभागाचे. मधला चार आकडी गट भागाचा प्रकार सांगतो. ७००३ म्हणजे संपूर्ण गिअरबॉक्स आणि ७००६ म्हणजे केसिंग. सी४ ने सुरू होणारा क्रमांक असलेले केसिंग १९६४ साठी आखले गेले, पण तोच आराखडा पुढे काही वर्षे तसाच वापरला जाऊ शकतो. शिवाय ओतकामावरचा हा क्रमांक आणि सुट्या भागांच्या यादीतला क्रमांक सारखाच असेल असेही नाही. दुकानात क्रमांक सांगताना यांपैकी कोणता सांगत आहोत हे स्पष्ट करावे. काही गिअरबॉक्सवर ओळखपट्टी बोल्टखाली अडकवलेली असते. ती सहज काढता येते, म्हणून दुसऱ्या गिअरबॉक्सवरही सहज लागते. पट्टीला पुरावा मानावे, निकाल मानू नये.

तारखांचा क्रम मात्र खूप उपयोगी पडतो. आधी ओतकाम, मग मशिनिंग, मग गिअरबॉक्सची जोडणी आणि शेवटी गाडीची जोडणी. केसिंगवरची ओतकामाची तारीख गाडी बनल्याच्या तारखेच्या नंतरची निघाली तर ते केसिंग त्या गाडीचे नाही, यात शंका उरत नाही. ज्यांना मूळ क्रमांकांची गाडी जपायची आहे त्यांनी चेसिस क्रमांकाचा काही भाग गिअरबॉक्सवर ठोकलेला आहे का, हेही पाहावे. १९६० च्या दशकातील अनेक अमेरिकी गाड्यांत तो सापडतो.

दाते मोजणे आणि गुणोत्तर काढणे

केसिंग ओळखले की आतले गिअर ओळखायचे, आणि इथे घाई अजिबात करू नये. दाते मोजताना एका दातावर मार्करची खूण करून तिथून सुरुवात करावी, एकदा घड्याळाच्या दिशेने आणि एकदा उलट मोजावे, आणि दोन्ही आकडे सारखे आल्याशिवाय वहीत लिहू नये. इनपुट शाफ्टवरचा (इंजिनाकडून फिरणाऱ्या शाफ्टवरचा) गिअर, त्याच्याशी जुळणारा काउंटरशाफ्टचा (समांतर असलेल्या मधल्या शाफ्टचा) पहिला गिअर, काउंटरशाफ्टवरचे बाकीचे गिअर आणि मेनशाफ्टवरचा (चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरचा) प्रत्येक गिअर असे सगळे मोजावेत.

आता गुणोत्तर काढावे. काउंटरशाफ्टच्या पुढच्या गिअरचे दाते भागिले इनपुट गिअरचे दाते, गुणिले मेनशाफ्टवरच्या त्या गिअरचे दाते भागिले काउंटरशाफ्टवरच्या त्याच्या जोडीदाराचे दाते. १९६६ नंतरच्या एम-२० मध्ये इनपुटला २१ आणि काउंटरशाफ्टला २५ दाते असतात, तर पहिल्या गिअरला ३६ आणि त्याच्या जोडीदाराला १७. म्हणजे २५/२१ गुणिले ३६/१७, उत्तर २.५२. एम-२१ मध्ये इनपुटला २६ आणि काउंटरशाफ्टला २७ दाते असल्याने तेच गणित २.२० वर येते. १९६३ ते १९६५ च्या एम-२० मध्ये २४ आणि २९ दाते असतात आणि गुणोत्तर २.५६ होते. तुमच्या मोजणीतून आलेले गुणोत्तर कारखान्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी दोन दशांशांपर्यंत जुळले, तर गिअर मूळ संचातले असण्याची शक्यता मोठी आहे. जुळले नाही, तर आत दोन संचांची सरमिसळ आहे, किंवा तुमची मोजणी चुकली आहे. आधी मोजणी पुन्हा करावी.

इनपुटच्या २१ दात्यांसमोर २७ दात्यांचा काउंटरगिअर (काउंटरशाफ्टवरचा गिअरसंच) मिळाला तर तो विकत घेण्यात अर्थ नाही. दोन शाफ्टमधले अंतर केसिंगने ठरवलेले असते आणि दात्यांची बेरीज व दातांचा आकार त्या अंतराशी बांधलेला असतो. हा नियम सर्वांत स्वच्छ दिसतो तो १९०८ ते १९२७ या काळातील फोर्ड मॉडेल टी मध्ये. तिचा दोन-स्पीड गिअरबॉक्स ग्रहगिअरांचा, म्हणजे मधल्या गिअरांभोवती फिरणाऱ्या गिअरांचा, आहे. तिहेरी गिअरला २७, ३३ आणि २४ दाते असतात आणि त्यांच्याशी अनुक्रमे २७, २१ आणि ३० दात्यांचे मधले गिअर जुळतात. प्रत्येक जोडीची बेरीज ५४ येते, कारण तिन्ही जोड्यांचे अक्षांतर एकच आहे. हेच दाते मांडून हळू गतीचे गुणोत्तर २.७५ आणि रिव्हर्सचे ४ येते. मॉडेल टी चे सुटे भाग ढिगातून निवडताना ५४ ही बेरीज मनात ठेवली तरी निम्मे काम होते.

दातांचा तिरकसपणा

दाते मोजून जुळले म्हणजे गिअर जुळला, असा समज करून मी एकदा एक काउंटरगिअर विकत घेतला होता. दाते बरोबर होते, भोक बरोबर होते, लांबी बरोबर होती. शाफ्टवर चढवून हाताने फिरवल्यावर तो शेजारच्या गिअरवर फक्त दातांच्या एका कडेला टेकत असल्याचे दातांवर लावलेल्या, टेकण्याच्या जागी ठसा सोडणाऱ्या निळ्या शाईने दाखवले. दातांचा तिरका कोन वेगळा होता. विक्रेत्यानेही तो प्रामाणिकपणेच दिला होता. तो कोन तपासण्याचे त्यालाही सुचले नव्हते आणि मलाही.

एम-२१ आणि एम-२२ यांच्यात नेमका हाच फरक आहे. दोघांचेही पहिले गुणोत्तर २.२० आणि दोघांच्याही इनपुटला २६ दाते. पण एम-२२ चे दाते शाफ्टच्या अक्षाशी कमी कोनात कापलेले आहेत, ज्यामुळे शाफ्टवर लांबीच्या दिशेने येणारा दाब कमी होतो आणि आवाज वाढतो. याच आवाजामुळे त्याला दगड फोडणारा असे टोपणनाव पडले. एकाचा इनपुट आणि दुसऱ्याचा काउंटरगिअर एकत्र चालत नाहीत. दहा स्प्लाइनच्या इनपुट शाफ्टवर कोरलेल्या कड्या पाहून हे पटकन ओळखता येते: एम-२० वर दोन, एम-२१ वर एक आणि एम-२२ वर एकही नाही. मात्र शाफ्टवर कडी कोरणे कोणत्याही लेथवर होऊ शकते, म्हणून कोन मोजावाच.

कोन मोजण्याची सोपी रीत अशी. गिअर स्वच्छ करून त्याच्या दातांच्या टोकांना शिक्क्याच्या शाईचा पातळ थर लावावा, सरळ पट्टीच्या आधाराने कोऱ्या कागदावर तो एक फेरा लोळवावा आणि उमटलेल्या तिरक्या रेघांचा पट्टीशी असलेला कोन कोनमापकाने घ्यावा. गिअरचा अक्ष पट्टीला काटकोनात असतो, म्हणून मोजलेला कोन नव्वदातून वजा केला की तिरकसपणा मिळतो. हा कोन बाह्य व्यासावरचा असल्यामुळे पुस्तकातल्या कोनापेक्षा किंचित मोठा येतो, पण दोन गिअरांची तुलना करायला तो पुरेसा आहे. तुलना एकाच ठिकाणच्या, एकाच व्यासाच्या गिअरांची करावी: जुना काउंटरगिअर आणि नवा काउंटरगिअर. जोडीतल्या दोन गिअरांचे तिरकेपण एकमेकांच्या उलट दिशेने असते. अक्ष उभा धरून पाहिल्यास एकाचे दाते वर जाताना उजवीकडे आणि दुसऱ्याचे डावीकडे झुकले पाहिजेत.

सरळ दातांच्या गिअरमध्ये आकार ताडून पाहणे अधिक सोपे आहे. दात्यांच्या संख्येत २ मिळवून इंचांतल्या बाह्य व्यासाने भागले की डायमेट्रल पिच, म्हणजे दाताच्या आकाराचे माप, मिळते. ३० दाते आणि ४ इंच व्यास असेल तर पिच ८, आणि २५.४ ला ८ ने भागून मॉड्यूल (तेच माप मिमीत) ३.१७५. दात्यांची संख्या विषम असेल तर व्हर्नियर एका बाजूला दाताच्या टोकावर आणि दुसऱ्या बाजूला खोबणीवर टेकतो आणि व्यास कमी येतो. अशा वेळी भोकाच्या कडेपासून टोकापर्यंतचे अंतर दुप्पट करून त्यात भोकाचा व्यास मिळवावा. अनेक गिअरबॉक्समध्ये दाते मुद्दाम आखूड किंवा दुरुस्त आकाराचे कापलेले असतात, त्यामुळे हे सूत्र पूर्णांक देईलच असे नाही. जुन्या गिअरला आणि नव्या गिअरला तेच सूत्र लावून दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत, एवढाच त्याचा खात्रीचा उपयोग.

आणखी एक गोष्ट, जी पैसे वाचवण्याच्या भरात विसरली जाते. एकत्र झिजलेले दोन गिअर एकमेकांना घडवत आलेले असतात. त्यातला एकच नवा बसवला तर मापे अचूक असूनही आवाज येतो आणि झीज वाढते. इनपुट आणि काउंटरगिअर शक्यतो एकाच गिअरबॉक्समधून, जोडीने घ्यावेत.

शाफ्ट, स्प्लाइन आणि भोके

शाफ्टवर तीन मापे घ्यावीत: स्प्लाइनचा बाह्य व्यास, स्प्लाइनची संख्या आणि टोकाचा, म्हणजे क्रँकशाफ्टमधल्या पायलट बुशमध्ये जाणारा व्यास. यांपैकी एक माप चुकले तरी शाफ्ट निरुपयोगी ठरतो. मन्सीचा इनपुट शाफ्ट १.१२५ इंच, म्हणजे २८.५८ मिमी व्यासाचा. आधी त्यावर १० स्प्लाइन होत्या, १९७१ च्या सुमारास २६ झाल्या. व्यास तोच, पण क्लच प्लेट दुसरी लागते. मागच्या टोकाला त्याच बदलात २७ च्या ३२ स्प्लाइन झाल्या, म्हणून प्रोपेलर शाफ्टचे त्या टोकावर बसणारे योकही बदलते. फोर्डच्या चार-स्पीड गिअरबॉक्सवर मागे २८ किंवा ३१ स्प्लाइन आढळतात.

काउंटरशाफ्टच्या आतील पिनचे माप हमखास दुर्लक्षिले जाते. मन्सीमध्ये १९६५ पर्यंत ती ०.८७५ इंच (२२.२३ मिमी) आणि १९६६ पासून १ इंच (२५.४ मिमी) होती. काउंटरगिअर बाहेरून पाहून हे कळणार नाही, केसिंगमधले भोक मोजले की कळते. पायलटच्या टोकाचेही तसेच. १९६४ च्या अखेरीस एमजीबी या ब्रिटिश गाडीचे इंजिन तीन मुख्य बेअरिंगांवरून पाच बेअरिंगांवर गेले, तेव्हा इनपुट शाफ्टचे टोकही बदलले. त्यापुढे १९६७ च्या शेवटी पहिल्या गिअरलाही सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणारी यंत्रणा) असलेला गिअरबॉक्स आला, आणि त्यासाठी गाडीच्या मधल्या बोगद्याचा पत्राही रुंद करावा लागला. एकाच नावाच्या गाडीत थोड्या वर्षांत झालेले हे बदल लक्षात घेतले की "एमजीबीचा गिअरबॉक्स" हे वर्णन किती अपुरे आहे ते कळते.

पुढच्या बेअरिंगच्या झाकणाचा बाह्य व्यास आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या कवचाच्या) मधल्या भोकाचा व्यास यांची जुळणी मायक्रोमीटरने पाहावी. बोल्टची भोके जुळली तरी हे दोन व्यास जुळले नाहीत, तर गिअरबॉक्स क्रँकशाफ्टच्या रेषेत बसणार नाही. बसवल्यावर डायल गेज फ्लायव्हीलला लावून बेल हाउसिंगचे भोक फिरवून तपासावे.

बेअरिंग आणि सिंक्रो रिंग

बेअरिंग ही या कामातली सर्वांत सुलभ गोष्ट आहे, कारण त्यांचे क्रमांक जगभर सारखे आहेत. ६२०७ म्हणजे ३५ मिमी भोक, ७२ मिमी बाह्य व्यास, १७ मिमी रुंदी. ६३०७ चे भोक तेच, पण बाह्य व्यास ८० आणि रुंदी २१. जुन्या अमेरिकी बेअरिंगवर २०७ किंवा ३०७ असा आखूड क्रमांक आढळला तर तीच मापे समजावीत. क्रमांकाच्या शेवटी एनआर असेल तर बाहेरच्या कडीवर सर्क्लिपची (जागेवर अडकवून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) खाच आणि सर्क्लिप असते. ती नसलेले बेअरिंग केसिंगमध्ये जागेवर राहत नाही. ब्रिटिश गाड्यांत इंचांच्या मापाची बेअरिंग सर्रास आहेत, तेव्हा मिमीतले जवळचे बेअरिंग ठोकून बसवण्याचा मोह टाळावा.

सिंक्रो रिंगची पारख करताना बाहेरचे दाते, आतली पट्टीसाठीची खोबणी आणि शंकूचा कोन हे तिन्ही पाहावे लागते. रिंग गिअरच्या शंकूवर ठेवून हाताने दाबून फिरवावी. ती चिकटून थांबली पाहिजे. डुगडुगली किंवा सहज घसरली तर कोन जुळत नाही किंवा शंकू झिजला आहे. नंतर रिंग आणि गिअर यांच्यातली फट फिलर गेजने तीन ठिकाणी मोजून पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडावी.

ऑटोमॅटिक असेल तर

इथे खालच्या तेलाच्या ट्रेचा आकार आणि बोल्टची संख्या ही पहिली ओळख. जनरल मोटर्सच्या पॉवरग्लाइडला १४ बोल्ट, टीएच-३५० आणि टीएच-४०० दोन्हींना १३, फोर्डच्या सी-४ ला ११ आणि सी-६ ला १७. क्रायस्लरच्या ७२७ आणि ९०४ दोन्हींना १४ बोल्ट असल्याने तिथे केवळ संख्या पुरत नाही, ट्रेचा आकार पाहावा लागतो. टीएच-३५० आणि टीएच-४०० यांतही तेच. त्यापुढे क्लच प्लेट, ड्रम आणि व्हॉल्व्ह बॉडी यांची जुळणी केवळ ओळखपट्टीवरच्या मॉडेल संकेतानुसार करावी. आतील प्लेटांची संख्या एकाच नावाच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनाच्या ताकदीनुसार बदलते.

आटे आणि खरेदीपूर्वीची वही

ब्रिटिश गाडी असेल तर बोल्ट हातात घेण्याआधी आट्यांचा गेज घ्यावा. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश आणि अमेरिकी युनिफाइड आट्याचा ६०. बहुतेक मापांत व्हिटवर्थ आणि जाड युनिफाइड आट्यांची संख्या एका इंचात सारखीच असते, म्हणून चुकीचा बोल्ट तीन-चार फेरे सहज जातो आणि मग ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे घेऊन येतो. अर्ध्या इंचाच्या मापात मात्र संख्या वेगळी आहे: व्हिटवर्थला १२, युनिफाइडला १३.

भाग पाहायला जाताना सोबत एक वही असावी, ज्यात प्रत्येक भागासमोर दाते, तिरकसपणाची दिशा व कोन, भोक, लांबी, स्प्लाइन आणि तो ज्याच्याशी जुळतो त्या जोडीदाराची हीच मापे लिहिलेली असतील. दुरून भाग मागवताना विक्रेत्याला नुसते छायाचित्र मागण्याऐवजी हेच आकडे मागावेत, आणि व्हर्नियर भागावर टेकलेले असतानाचे छायाचित्र मागावे. भाग हाती आल्यावर तेल लावून दोन्ही गिअर मोकळ्या शाफ्टवर, केसिंगमध्ये, बेअरिंगसह बसवावेत, निळी शाई लावून हाताने दहा-बारा फेरे द्यावेत आणि दाताच्या मधोमध, रुंदीच्या बहुतेक भागावर ठसा उमटतो का ते पाहावे. हा ठसा बरोबर आल्याशिवाय सर्क्लिप, ऑइल सील आणि गॅस्केट यांना हात लावू नये.